पीडीएफवरची सही: फाइलच्या आत काय असतं आणि व्यवहार कुठे अडतो

पुरवठादाराशी करार, नव्या माणसाचं नेमणूकपत्र, गोपनीयतेचा करार, कंपनीचा ठराव हे सगळं आता पीडीएफ म्हणून फिरतं आणि मागोमाग निरोप येतो, ‘सही करून पाठवा.’ समोरून जी सही येते ती बहुधा तीनपैकी एका प्रकारची असते. एक म्हणजे कागदावरच्या सहीचा फोटो काढून पीडीएफवर चिकटवलेला. दुसरी, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून केलेलं ई-साइन. तिसरी, यूएसबी टोकन लावून डीएससीने, म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राने केलेली सही. पडद्यावर तिन्ही सारख्याच भासू शकतात. पण उद्या वाद झाला, समोरचा म्हणाला ‘ही सही माझी नाही’, तर तिन्हींच्या वजनात मोठा फरक पडतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल सही आहे आणि तिची रीतही कायद्यानेच ठरवून दिली आहे. २००८ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक सही’ हा अधिक व्यापक प्रकार कायद्यात दाखल झाला. मात्र कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोंदवलेली पद्धत असेल तरच ती या कलमात बसते. आधार ई-केवायसीवर चालणारं ई-साइन २०१५ साली या अनुसूचीत आलं. बाजारात कुठल्याही क्लिकला ‘इलेक्ट्रॉनिक सही’ म्हणतात. कायद्यातला अर्थ त्यापेक्षा बराच अरुंद आहे.

मग फोटो चिकटवलेल्या सहीचा करार रद्द समजायचा का? तसं नाही. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही, असं कलम १०-अ सांगतं. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ईमेलच्या देवाणघेवाणीतून पक्का करार झाल्याचं मान्य केलं, तेही औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसताना. त्यामुळे खरेदी ऑर्डर, ईमेल, मालाची पोच आणि बँकेतला भरणा यांच्या आधारावर फोटोवाला करारही उभा राहू शकतो. अडचण अशी की तो उभा करण्याचं सगळं ओझं तुमच्यावर येतं. कायद्याच्या अटी पाळून केलेली सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही असेल तर न्यायालय आधीच असं गृहीत धरतं की सही त्या व्यक्तीनेच, संमती देण्याच्या हेतूने केली आहे. ते खोटं आहे हे दाखवण्याची जबाबदारी मग समोरच्यावर जाते. पाच लाखांच्या येण्यासाठी कोर्टात उभं राहायची वेळ आली की हा फरक खिशाला कळतो.

आता फाइलच्या आत काय घडतं ते पाहू, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथे आहे. तुम्ही डीएससीने सही करता तेव्हा सॉफ्टवेअर सगळ्यात आधी पीडीएफमधल्या मजकुराचा ‘हॅश’ काढतं. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. सध्याच्या एसएचए-२५६ पद्धतीत ती २५६ बिटांची, म्हणजे लिहून काढली तर ६४ अक्षर-अंकांची असते, मग फाइल एका पानाची असो की तीनशे पानांची. मजकुरात एक स्वल्पविराम हलवला तरी ही खूण पूर्ण बदलते. मग टोकनमधली ‘प्रायव्हेट की’, म्हणजे फक्त तुमच्याकडची गुप्त किल्ली, या हॅशवर गणिती प्रक्रिया करते आणि त्यातून जे निघतं तीच खरी डिजिटल सही. ती तुमच्या प्रमाणपत्रासह फाइलमध्ये बसवली जाते. प्रमाणपत्रात तुमचं नाव आणि ‘पब्लिक की’, म्हणजे तिच्या जोडीची उघड किल्ली, असते. उघडणाऱ्याचं सॉफ्टवेअर पब्लिक कीने सही तपासतं, फाइलचा हॅश नव्याने काढतं आणि दोन्ही जुळतात का ते पाहतं. जुळले तर दोन गोष्टी सिद्ध होतात: सही या प्रमाणपत्राच्या किल्लीनेच झाली आणि सहीनंतर मजकूर बदलला नाही.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. पानावर ‘डिजिटली साइन्ड बाय’ असं लिहिलेला जो चौकोन दिसतो तो निव्वळ चित्र आहे. सही त्या चौकोनात नसते, फाइलच्या डेटात असते. ती पीडीएफ छापली की सही संपली. हातात उरतो तो चौकोनाचं चित्र असलेला साधा कागद. तो कागद स्कॅन करून पुन्हा पीडीएफ केला तरी सही परत येत नाही. तरीही असंख्य कचेऱ्यांत डिजिटल सहीचा करार छापून, त्यावर शिक्का मारून फाइलला लावतात आणि मूळ पीडीएफ कुणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमध्ये पडून हरवते. जपायची असते ती मूळ फाइल, जशीच्या तशी.

सहीनंतर फाइलला हात लावायचा नाही, हा नियमही यातूनच येतो. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, ऑनलाइन साइटवर नेऊन आकार कमी केला, दोन पीडीएफ जोडल्या, मागून एक परिशिष्ट घुसवलं की सही एकतर मोडते किंवा पूर्ण गायब होते. व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर सही टिकते. पानाचा स्क्रीनशॉट पाठवला तर अर्थातच नाही. एकाच करारावर दोघांनी सही करायची असेल तर पहिल्याने सही केलेली फाइलच दुसऱ्याने उघडून, त्यातच आपली सही जोडून जतन करायची. पीडीएफ मागच्या मजकुराला धक्का न लावता नवा भाग शेवटी जोडू शकते, म्हणून दोन्ही सह्या खऱ्या राहतात. दोघांनी आपापल्या प्रतीवर वेगवेगळी सही केली आणि मग कुणीतरी त्या प्रती ‘मर्ज’ केल्या की दोन्ही सह्या वाया जातात. म्हणून क्रम असा ठेवा: मसुदा पक्का करा, परिशिष्टं आणि मुद्रांकाचं पान जोडा, पानांचे क्रमांक टाका आणि सह्या अगदी शेवटी करा.

डीएससी मिळवण्याची रीत आता बरीच सरळ झाली आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए हे कार्यालय आहे. ते ईमुद्रा, सी-डॅक, कॅप्रिकॉर्न, एनकोड अशा संस्थांना प्रमाणपत्रं देण्याचा परवाना देतं. पूर्वीचा क्लास २ प्रकार १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला, त्यामुळे व्यवसायासाठी घ्यायचं ते क्लास ३. पॅन, आधार किंवा अन्य ओळखपत्र, मोबाइल आणि ईमेलची पडताळणी, शिवाय छोटा व्हिडिओ एवढं लागतं. कंपनीच्या नावासह प्रमाणपत्र हवं असेल तर अधिकारपत्रही द्यावं लागतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. प्रमाणपत्र क्रिप्टो टोकनमध्ये उतरवलं जातं. हे टोकन पेनड्राइव्हसारखं दिसतं, पण त्यातली प्रायव्हेट की बाहेर काढता किंवा कॉपी करता येत नाही. सहीचं गणित टोकनच्या आतच होतं. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद होतं. ते मोकळं करण्यासाठी फॉरमॅट केलं की आतलं प्रमाणपत्र जातं आणि नवं घ्यावं लागतं. नवं टोकन हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच्याबरोबर आलेला ठरावीक पासवर्ड बदलणं.

टोकन असूनही सही होत नाही, ही तक्रार रोजची आहे, आणि कारणं बहुधा साधी असतात. टोकनच्या कंपनीचा ड्रायव्हर त्या संगणकावर नसतो. पोर्टलला लागणारी मदतनीस प्रणाली, जसं जीएसटीला एमसायनर आणि आयकराला एमब्रिज, चालू नसते. किंवा डीएससी त्या पोर्टलवर नोंदवलेलीच नसते. शेवटचं कारण नूतनीकरणानंतर हमखास आडवं येतं. ‘रिन्यू’ केलेली डीएससी म्हणजे खरं तर नवं प्रमाणपत्र. त्यामुळे जीएसटी, आयकर, कंपनी व्यवहार मंत्रालय, भविष्य निर्वाह निधी आणि निविदा पोर्टल या सगळीकडे ती पुन्हा नोंदवावी लागते. जीएसटीसाठी कंपनी आणि एलएलपी यांना डीएससी सक्तीची आहे, एकल मालकाला ओटीपीवर चालणारं ईव्हीसी पुरतं. निविदा भरणाऱ्यांनी मुदत संपायच्या दिवशी नवी डीएससी नोंदवायला बसू नये. काही पोर्टलवर सहीबरोबर एन्क्रिप्शनचं, म्हणजे फाइल कुलूपबंद करण्याचं, वेगळं प्रमाणपत्रही लागतं. त्याची किल्ली गमावली तर तिच्यासाठी एन्क्रिप्ट केलेली फाइल उघडता येत नाही, म्हणून मुदत संपली तरी जुनं टोकन टाकून देऊ नये.

आधार ई-साइनला टोकन लागत नाही. करार ज्या सेवेवर चढवलेला असतो तिथून तुम्ही ई-साइन देणाऱ्या परवानाधारक संस्थेच्या पानावर जाता, आधार किंवा व्हर्च्युअल आयडी टाकता, ओटीपी येतो. ओटीपी जुळला की तुमच्या नावाचं प्रमाणपत्र आणि किल्ल्यांची जोडी त्या क्षणी तयार होते, सही होते आणि प्रायव्हेट की नष्ट केली जाते. प्रमाणपत्राची मुदत फक्त ३० मिनिटांची. सही तपासताना ‘मुदत संपली’ असं दिसून अनेक जण दचकतात. सही त्या अर्ध्या तासात झालेली असेल तर ती पक्की आहे. या संस्थेकडे कराराचा मजकूर जात नाही, फक्त हॅश जातो, त्यामुळे गोपनीय करारालाही हरकत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. आणि सहीत नाव येतं ते आधारवरचं. करारात ‘सुनीता अ. जोशी’ आणि आधारवर लग्नाआधीचं नाव असलं की समोरची बँक कागद परत पाठवते. म्हणून मसुद्यात नाव आधारप्रमाणे लिहा. आणि हा ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका. ज्याच्या हाती तो जाईल तो तुमच्या नावाने सही करू शकेल.

आता डिजिटल सही कुठे चालत नाही ते. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अशी कागदपत्रं आहेत ज्यांना हा कायदाच लागू होत नाही. मृत्युपत्र आणि विश्वस्त लेख त्यात आहेत. कुलमुखत्यारपत्रही आहे, आणि चेक सोडून इतर वचनचिठ्ठ्या, हुंड्याही. २०२२ च्या अधिसूचनेने यात सूट दिली, पण ती रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक अशा नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांच्या नावे केलेल्या मागणी वचनचिठ्ठीला, हुंडीला आणि अशा संस्थांना अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राला. म्हणजे बँकेला दिलेली वचनचिठ्ठी डिजिटल चालते. मित्राला उसने दिलेल्या दहा लाखांची नाही. याच अधिसूचनेने स्थावर मालमत्तेच्या विक्रीकराराची नोंदही अनुसूचीतून काढली. त्यावरून ‘आता फ्लॅटही ई-साइनवर विकता येतो’ असा समज पसरला, तो घातक आहे. नोंदणी कायदा, १९०८ जिथल्या तिथे आहे. ज्या दस्ताची नोंदणी सक्तीची आहे त्याची नोंदणी करावीच लागते.

महाराष्ट्रात हे सगळ्यात जास्त भोवतं ते भाड्याच्या जागेबाबत. दुकान किंवा गाळा लीव्ह अँड लायसन्सवर देताना, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं. एखाद्या ॲपवर दोघांनी ई-साइन केलेला अकरा महिन्यांचा करार ही अट पुरी करत नाही. त्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन ई-नोंदणी आहे. तिथे आधारच्या बोटांच्या ठशांवर ओळख पटवली जाते आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना गावाकडची जमीन किंवा पुण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचं असतं. तेही ई-साइनवर होत नाही. कागदावर सही करून ती तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा तिथल्या सरकारी यंत्रणेकडून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा दाखला) घेऊन मूळ प्रत इकडे पाठवावी लागते आणि ती राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

मुद्रांकाचा विसर ही तर व्यावसायिक करारांतली सर्रास होणारी चूक. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यातल्या ‘दस्त’ या शब्दात इलेक्ट्रॉनिक नोंदही येते. कागद नाही म्हणून मुद्रांक नाही, असं होत नाही. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांवरचं १०० रुपयांचं शुल्क ५०० झालं आहे. शुल्क न भरलेला करार न्यायालय पुराव्यात घेत नाही, थकलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो बाजूला ठेवला जातो. वसुलीची घाई असते नेमकी तेव्हाच हे समोर येतं. म्हणून आधी चलन भरा, ते पीडीएफचं पहिलं पान म्हणून जोडा आणि मग सह्या घ्या. बीजकांबाबत मात्र निर्धास्त राहा: माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार दिलेल्या इलेक्ट्रॉनिक बीजकावर जीएसटी नियमांत सहीची सक्तीच नाही.

समोरून आलेली सही तपासायची कशी? मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये बहुधा काहीच कळत नाही. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडा. अनेकदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा डाउनलोड करणाऱ्यांना हे चिन्ह परिचयाचं असेल. याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही, तुमच्या सॉफ्टवेअरला भारताचं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नाही एवढाच. सहीवर क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज आणि तिथून सायनर्स सर्टिफिकेट उघडा. डावीकडे प्रमाणपत्रांची साखळी दिसते: सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया’, मध्ये परवानाधारक संस्था, तळाला सही करणारा. वरचं सीसीए इंडियाचं प्रमाणपत्र निवडा, त्याची अंगुलीखूण, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा हॅश, सीसीएच्या संकेतस्थळावरच्या खुणेशी ताडून पाहा, ट्रस्ट टॅबमध्ये ते विश्वासार्ह यादीत घाला आणि सही पुन्हा पडताळा. इथे घाईत तळाचं, म्हणजे सही करणाऱ्याचंच प्रमाणपत्र ‘ट्रस्ट’ करणारे खूप आहेत. तसं केलं तर कुणीही स्वतः बनवलेल्या बनावट प्रमाणपत्रालाही हिरवी खूण मिळेल. साखळीच्या वरच्या टोकाला सीसीए इंडिया नसेल तर ती भारतीय कायद्यातली डिजिटल सही समजू नका.

हिरवी खूण आल्यावरही दोन गोष्टी बघायच्या राहतात. पहिली, वेळ. टाइमस्टॅम्प, म्हणजे त्रयस्थ संस्थेने दिलेली वेळेची नोंद, जोडलेला नसेल तर दाखवलेली वेळ ही सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातली असते आणि घड्याळ मागेपुढे करता येतं. पैशांचा मोठा करार असेल तर टाइमस्टॅम्पचा आग्रह धरा. तो असला की प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही सही मुदतीत झाल्याचं दाखवता येतं. दुसरी, अधिकार. सही कुणाची आहे एवढंच प्रमाणपत्र सांगतं. त्या माणसाला कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार होता का, हे सांगत नाही. संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र त्यासाठी आजही मागावंच लागतं.

डॉक्युसाइनसारख्या परदेशी सेवांवरच्या सह्या साधारणपणे कलम १०-अ च्या आधारावर उभ्या राहतात. तिथे फाइलवर बहुधा सेवेचं स्वतःचं प्रमाणपत्र असतं, सही करणाऱ्याचं नव्हे, आणि कुणी कधी कुठल्या ईमेलवरून सही केली याची नोंद वेगळ्या पानावर येते. ते पान करारासोबत उतरवून ठेवा. जर्मनीतला किंवा फ्रान्समधला ग्राहक ‘क्वालिफाइड’ सही मागत असेल तर ती युरोपच्या ईआयडीएएस नियमातली, हाताच्या सहीच्या बरोबरीची सही असते. भारतीय डीएससी आपोआप तिच्या जागी चालत नाही.

आता सगळ्यात मोठा धोका, आणि तो तंत्रज्ञानातला नाही. छोट्या व्यवसायांत मालकाचं टोकन पासवर्डसह सीएच्या किंवा सल्लागाराच्या ऑफिसात ठेवलेलं असतं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टोकनलाच चिकटवलेला असतो. ही सोय समजली जाते. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट की सांभाळणं ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळवायचं आणि कळवेपर्यंत दायित्व धारकाचंच. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरली तर कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण ‘मी केली नाही’ हे सिद्ध करत बसायची पाळी आधी तुमच्यावर येते. टोकन स्वतःजवळ ठेवा, रिटर्न भरण्याच्या दिवशी समोर बसून सही करा. संचालकाने राजीनामा दिला, अधिकारी सोडून गेला की कंपनीच्या नावाचं त्याचं प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करायला अर्ज करा आणि पोर्टलवरून त्याचं नाव काढा.

वाद कोर्टात गेलाच तर पीडीएफची छापील प्रत नुसती देऊन भागत नाही. जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठाम सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आणि त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. करार झाला त्याच दिवशी मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जतन करून तिचा एसएचए-२५६ हॅश काढून ठेवलेला असेल, आणि ती ज्या ईमेलने आली तो ईमेल जपलेला असेल, तर हा नमुना भरणं सोपं जातं. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. सर्टयूटिल ही आज्ञा ‘-hashfile’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘SHA256’ असं लिहून दिली की ६४ अक्षरांची खूण समोर येते.